मोडणारं रीळ

पाशामियाँच्या गळाला लागलेली मरळ रीळ मोडून पळाली. "बकरीएवढी होती," असं ते सांगत आणि गोदावरीच्या घाटावर सगळे हसत. शेवटी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी त्यांची लेक अर्शिया त्यांना बजरंगच्या गळ-रिळांच्या दुकानात घेऊन आली.

"ताई, हे पितळी दात्यांचं न्या. चाचाच्या सपनातली मरळबी सुटायची न्हाई."

"आधी अब्बांचं मोडलं, तसलंच द्या."

"ते तर प्लास्टिकचं! पुन्हा मोडंल की."

"मोडायलाच हवं. किती जोर लागतो ते बघायचंय."

तिने रिळाचा ब्रेक पूर्ण आवळला, ते अब्बांच्या हाती घट्ट धरायला दिलं, दोरीला क्लासमधला ताणकाटा अडकवला आणि ओढू लागली. काटा पाच किलोवर गेला, मग सातवर. बजरंगचं हसू थांबलं. साडेनऊवर आतले दाते कडकड निखळले.

"निदान एवढी ओढ होती त्या मरळीची," अर्शिया म्हणाली. "आता पितळी दाखवा."

बजरंगने पितळी रीळ पुढे केलं, दारात कुणी नाही हे पाहिलं आणि वाकून हळूच विचारलं, "चाचा, ती मरळ नेमकी कोणत्या डोहात हाय?"