अडतीस पोरं, एक बाई

साहेबांची जीप खडीच्या ढिगाशी येऊन थांबली, तेव्हा मांडवातली अडतीसच्या अडतीस पोरं झोपलेली होती. दहा-बारा लुगड्यांच्या झोळ्यांत, बाकीची पोत्यांवर ओळीनं. पाथर्डीच्या रस्त्यावर भर दुपारी, पलीकडे शंभर बायका दगड फोडत असताना, एवढी पोरं एका वेळी झोपतात होय कुठं? पण झोपली होती खरी. आणि त्यांना सांभाळणारी रंगुबाई पदर सावरत दाराशी उभी होती. 

सरकारी कागद म्हणत होता, दुष्काळी कामावर वीस पोरांमागं एक बाई ठेवावी. इथं पोरं अडतीस आणि बाई ही एकटी. एकाला उचललं की चार भोकाड पसरायची, चौघांना गप्प करेपर्यंत पाचवं रांगत उन्हात जायचं. जोडीला बाई द्या म्हणून दोन महिने ती कारकुनाच्या, राधाकृष्णाच्या, मागं लागली होती. शेवटी काल तो म्हणाला, "उद्या साहेब स्वतः बघायला येतायत. पण रंगुबाई, गोंधळ दिसला ना, तर दुसरी बाई राहिली बाजूला, तुम्हालाच काढतील."

काढलं असतं तर तिला खडीवर बसावं लागलं असतं, आणि हातोडी पेलायची ताकद तिच्या मनगटात उरली नव्हती. पदराच्या गाठीत अफू असायची. एरवी फारच आकांत करणाऱ्या एखाद्याच्या जिभेला ती जराशी लावायची, आणि तेवढ्यानंही दिवसभर तिचं मन तिला खायचं. आज मात्र तिनं एकालाही सोडलं नव्हतं.

साहेब वाकून आत आले. बोट फिरवत त्यांनी पोरं मोजली.

"एकही रडत नाही? काय करता काय तुम्ही यांना?"

सांगायची हीच वेळ होती. रंगुबाईनं तोंड उघडलंसुद्धा.

"ओव्या म्हनते, साहेब," ती म्हणाली.

साहेब खूश झाले. राधाकृष्णाकडे वळून म्हणाले, "बघा. मनापासून केलं तर एक बाई चाळीस मुलं सांभाळते. दुसरी कशाला हवी? बाकीच्या कामांवरही असंच करू." राधाकृष्णानं मान डोलावत ते लिहून घेतलं. जीप धुरळा उडवत निघून गेली.

 रंगुबाईनं दोन महिने जे मागितलं ते स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि कधी न पाहिलेल्या कितीक बायांच्या गळ्यात चाळीस-चाळीस पोरं बांधून ठेवली होती. वर साहेबांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीची तिला शिसारी आली.

तेवढ्यात खडीवरनं मनकर्णा पोराला पाजायला आली. पाच महिन्यांचा गोरक्ष तिचा. तिची चोळी दुधानं भिजली होती. तिनं त्याला झोळीतून काढून छातीशी धरलं, पण पोरानं तोंड लावलं नाही. दूध त्याच्या गालावरून मानेत ओघळलं.

"मावशी, ह्यो उठंना."

रंगुबाईनं पोर ओढून घेतलं. तळपायाला टिचक्या मारल्या, चिमटा काढला, माठातलं पाणी तोंडावर शिंपडलं. त्याचा हात उचलला तर तसाच खाली पडला. आता लपवून काय करायचं होतं?

"मनकर्णे, म्या अफू दिलीया त्याला," ती म्हणाली. "मोहरीएवढीच. साहेब येनार म्हनून. सगळ्यांनाच दिलीया."

आता ही आपल्या थोबाडीत मारील, म्हणून ती थांबली. मारली असती तर बरंच वाटलं असतं. पण मनकर्णाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्या बी दिली हुती की, मावशी. सकाळी घरनं निघताना. तुमी एकल्या, पोरं एवढी. म्हनलं, माज्या तरी पोराचा तुमास्नी तरास नको."

 मग एकीनं पोर उभं धरलं, दुसरीनं त्याचे तळवे लाल होईस्तोवर थापटले, पाणी मारलं, हाका मारल्या. निजू दिलं नाही त्याला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी गोरक्षाचं तोंड वाकडं झालं आणि आतून बारीक, घोगरं रडं आलं. मनकर्णानं त्याला पोटाशी घेतलं आणि तीही रडायला लागली.

रंगुबाईला हायसं वाटायला हवं होतं. पण तिची नजर झोळ्यांवर आणि पोत्यांवरच्या ओळीवर गेली. अजून सदतीस होती.

ती मांडवाबाहेर आली. समोर उन्हात बायका खाली माना घालून दगड फोडत होत्या.  मग होता नव्हता तेवढा जोर काढून ती ओरडली.

"बायांनो, आज पोरांना म्या अफू दिलीया. घरनं निघताना अजून कुनी कुनी दिलीया, खरं सांगा."

 अलीकडची एक हातोडी थांबली. मग तिच्या शेजारची. मग मधल्या ढिगावरच्या दोन, मग पार त्या टोकाची. एकेक करत खडीवरचा आवाज बसत गेला, आणि मागं मांडवात अडतिसांतला एकटा गोरक्ष रडत असलेला साऱ्यांना ऐकू येऊ लागला.