दोन मिलर

“इंग्लंडात गावोगावी पिठाची गिरणी होती, म्हणून गावोगावचे गिरणीवाले मिलर झाले. ढिगाने आहेत. त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं,” नाताळच्या जेवणाला आलेला माझा इंग्रज मित्र आजोबांना सांगत होता.

आजोबांचा घास हातातच राहिला. आमचं मिलर हे आडनाव मिशनने दिलेलं. आत्याला मागणी घालणाराही मिलरच निघाला, तेव्हा “एका आडनावात सोयरीक होत नाही, तो तुझा भाऊ,” म्हणून आजोबांनी तिला त्याला दादा म्हणायला लावलं होतं. दोघांनीही लग्न केलं नाही. केस पिकलेला तो आजही दर नाताळप्रमाणे समोर जेवायला बसला होता.

“हे मला कोणी सांगितलंच नाही,” आजोबा पुटपुटले.

इतकी वर्षं दादाच म्हणत आलेली आत्या करंज्यांचं ताट घेऊन त्या दुसऱ्या मिलरपाशी थांबली.

“शमुवेल,” ती म्हणाली, “करंजी घे.”