मूळ फुटलं का?

सुताराच्या बायकोला धीर म्हणून नव्हता. मधुमालतीची काडी कुंडीत खोचली की दुसऱ्याच दिवशी उपटून बघायची, मूळ फुटलं का. बघून झालं की परत खोचायची. एकदा मूळ दिसलं, की मात्र त्या कुंडीकडे ढुंकूनही बघायची नाही.

ती गेली आणि पाठोपाठ वेलही वाळली. उरलेली एकुलती एक हिरवी काडी सुताराने कुंडीत लावली. तर रोज सकाळी तिच्याभोवतीची माती भुसभुशीत झालेली.

“दादा, रुजू दे की तिला! सारखा काय उपटतोस?” बहीण करवादली.

“मी नाही गं.”

“मग कोण, मांजर?”

“मांजर काडी परत सरळ खोचत नाही.”

बहीण चहा अर्धा टाकून उठली. जाताना सुताराने काडी तिच्याच हातात दिली. तिच्या दारी तरी वेल जगेल.

रिकाम्या कुंडीत त्याने कानामागची पेन्सिल खोचली.

“आता बस बघत जन्मभर,” तो म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी हसला.

सकाळी पेन्सिल परत खोचलेली नव्हती. कुंडीच्या काठावर नीट आडवी ठेवलेली होती, आणि तिच्या टोकाला पांढरी, ओली मुळं फुटली होती.