दहापैकी चार

आमच्या फुटबॉल टीमच्या डॉक्टरबाई सीझनआधी प्रत्येकाला दहा शब्द ऐकवतात आणि थोड्या वेळाने म्हणून दाखवायला सांगतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तेच. आकडा घसरला, तर मेंदूचा स्कॅन आणि महिनाभर खेळ बंद. मी पडलो अतिशहाणा. पहिल्याच वेळी नऊ आठवत असून चारच सांगितले. घसरायला जागाच ठेवली नाही!

काल हेडर मारताना गोलकीपरच्या डोक्यावर डोकं आदळलं. आज बाईंनी नवे दहा शब्द ऐकवले, मला आठवलेले मोजले आणि हसल्या.

“चारच! तुझं डोकं होतं तसंच आहे रे. स्कॅन नको, रविवारी खुशाल खेळ.”



या वेळी मी एकही शब्द मुद्दाम गाळला नव्हता.