अर्धा कोयता

"माझ्या नावावर काय बी न्हाई, साहेब. शपथेवर सांगतो."

रामेश्वरने हात जोडले. बीडच्या कोर्टात हे कसं बोलायचं याची तालीम मंगलने त्याच्याकडून करून घेतली होती. ती मागच्या बाकावर बसली होती.

"मग ट्रॅक्टर, पिकअप, ऊसतोडीची टोळी?" त्याच्या बायकोच्या वकिलाने विचारलं.

"समदं मंगलचं. मुकादमी तिची. मी तिच्या घरी ऱ्हातो, एवढंच."

"लग्न केलंय?"

"न्हाई. ती माझी कोण बी न्हाई."

धडधडीत खोटं होतं ते. टोळी त्यानेच उभी केली होती. पोटगीचा दावा लागला तेव्हा त्याने सगळं मंगलच्या नावावर करून टाकलं. तशी कल्पना मंगलचीच, भाकरी थापता थापता सुचवलेली.

समोर वर्षाराणी, त्याची बायको, लेकीला, सायलीला, मांडीवर घेऊन गप्प बसली होती. पोरीच्या शाळेपुरतं तरी मिळावं म्हणून ती उमापूरहून आली होती. तिच्या मनगटावर उलथण्याच्या चटक्याचा जुना डाग होता. मंगलने पदर ओढून आपला हात झाकला. सायली तिच्याकडे बघून हसली. पोरं काय, कुणालाही हसतात.

रामेश्वरला बायकोची जिरवायची होती. नवऱ्यावर दावा लावते म्हणजे काय! घराबाहेर काढल्यावर ती ऊसतोडीला निघाली होती, तेव्हाही त्याने तिची पाठ सोडली नव्हती. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. त्याने टोळ्या नेणाऱ्या ओळखीच्या सगळ्या मुकादमांना दम भरला आणि चारचौघांत तिला हसून विचारलं, "अर्ध्या कोयत्याला कोण घेतं?" खरंच कुणी घेतलं नाही.

"सोबत राहणाऱ्या बाईवर या मुलीची जबाबदारी नाही," न्यायाधीश साहेब म्हणाले. "तिचं उत्पन्न धरता येणार नाही. पण तुम्ही धडधाकट आहात. मजुरी धरून पोटगी भरावी लागेल."

वर्षाराणीच्या वकिलाने हरकतसुद्धा घेतली नाही. रामेश्वरला जरा नवलच वाटलं. पण रक्कम किरकोळ होती, मंगल सहज भरणार होती. त्याला मनातून लई बरं वाटलं.

टपरीवर चहा पिऊन तो गेटपाशी आला. पिकअप चालू होती. ड्रायव्हर बिभीषणच्या शेजारी मंगल होती आणि खिडकीपाशी, सायलीला मांडीवर घेऊन, वर्षाराणी.

"हिला कावून बसवलं? उतर खाली!"

"गाडी कुणाची हाय?" मंगलने विचारलं. तिचा पदर सरकला होता. मनगटावर तसाच चटका होता, ताजा.

"मंगल, लोक बघायलेत. मस्करी पुरं."

"कसली मस्करी? आत शपथेवर सांगितलं न्हवं तुमी, मी तुमची कोण बी न्हाई म्हणून? तुमचे कपडे मारुतीच्या पारावर ठिवलेत."

रामेश्वरने गाडीचं दार घट्ट धरलं. "आन् पोटगी कशातून भरू?"

"मजुरी करा. तोड सुरू व्हायलीय."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग तुझ्या टोळीत तरी घे."

मंगलने वर्षाराणीकडे बघितलं.

दिवसभर तोंड न उघडलेल्या वर्षाराणीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हसून विचारलं, "अर्ध्या कोयत्याला कोण घेतं?"