तळघरातली टेकडी

"बंद कर गं ते," आई, पावलिना, म्हणाली. रालित्साने नेहमीसारखा न बघताच अंगठ्याने फोन गप्प केला. तळघरातल्या टाकीतलं पाणी कमी झालं असेल, एवढंच.

बाबांना जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. टेबलावर साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट, बाहेर दारावर बाबांच्या, नेद्याल्कोंच्या, फोटोचा शोककागद. पाहुणे येण्याआधी रालित्साला खाली जाऊन सगळं बंद करायचं होतं. चाळीस दिवस तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. आज आईही मागोमाग उतरली.

तळघरात मातीचा कण नव्हता. पांढऱ्या नळ्यांतून खताचं पाणी फिरायचं आणि वर शेपू, पालक, लेट्यूस तरारायचं. वीज रात्री स्वस्त, म्हणून दिवे रात्रीच लागायचे. दिवसा तिथे ऊब आणि अंधार. बाबा दार लावून स्टुलावर बसायचे.

"सख्ख्या बायकोपेक्षा पालक बरा वाटतो तुम्हाला," आई टोमणा मारायची.

"तो उलट बोलत नाही," बाबा म्हणायचे.

सेन्सर रालित्साने बसवले होते. बंद खोलीत बाबांच्या श्वासाने हवा जड व्हायची, आणि दूर सोफिया शहरात तिच्या फोनवर एक रेघ हळूहळू चढायची. दार उघडलं की उतरायची. रोज सकाळी एक टेकडी.

"बाबा, आज दोन तास बसलात."

"तू पोलिसात का नाही गेलीस गं?"

फारच वेळ बसले, तर यंत्र तिच्या फोनवर कुरकुरायचं. "त्याला सांग, म्हातारा अजून जिवंत आहे," असं म्हणून ते हसायचे.

आई आता त्याच स्टुलावर बसली. भिंतीवरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "राली, यात त्या दिवसाचं असेल ना?"

"असेल."

"मी नऊला बाजारात गेले. मग शेजारच्या मरियाकडे कॉफी प्यायले. एक नाही, दोन कप. दोनला परत आले, तर ते इथे, या रॅकखाली पडलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण लगेच गेले की..." तिने पदराशी चाळा केल्यासारखं शालीचं टोक पिळलं. "वाट बघत होते माझी?"

रालित्साने त्या दिवसाची रेघ उघडली. बराच वेळ पाहिली.

"सव्वानऊला थांबलीय, आई. एका क्षणात गेले. त्यांना कळलंही नसेल."

"खरं?"

"यंत्र खोटं कशाला बोलेल?"

आई रडली. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. मग डोळे पुसून म्हणाली, "मरियाशी मी त्या दिवसापासून बोलतच नव्हते गं. आज तिला गहू वाढते." वर दारावर टकटक झाली, तशी ती कठडा धरत जिना चढून गेली.

रालित्सा पुन्हा पडद्याकडे वळली.

रेघ सव्वानऊला थांबली नव्हती. ती चढतच गेली होती, दहा, अकरा, बारा. पाऊण वाजता सपाट झाली होती. चढावर मध्येच एक लाल ठिपका होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

'११:०२. खोलीतली हवा मर्यादेबाहेर. त्वरित तपासा.'

'११:०२. इशारा बंद केला: रालित्साचा फोन.'