एक थर कमी

भट्टीच्या जाड काचेला नाक लावून टाकीमास्तर उभे होते. आत त्यांनीच घडवलेली टाकी तापत होती, आणि आपलं काम मोडावं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच देव पाण्यात घातले होते.

उपग्रहाला इंधनाची टाकी लागते. मास्तरांची टाकी फुटायची नाही, हे कारखान्यात ब्रह्मवाक्य होतं. मागच्या वर्षी एक म्हातारा उपग्रह वरून कोसळला. बाकीचा सगळा वाटेत जळून गेला. मास्तरांची टाकी तेवढी एका बेकरीचं छप्पर फोडून पीठ मळायच्या टेबलावर येऊन पडली. तिला साधा पोचा आला नव्हता, टेबलाचे मात्र दोन तुकडे झाले होते. उपग्रह नक्की कुणाचा, यावर साहेबलोक घोळ घालत बसले, तेव्हा मास्तरांनी टाकीच्या जोडावरून हात फिरवला आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "माझी आहे."

ती बेकरीवाली आज त्यांच्या शेजारी उभी होती. मास्तरांनीच तिला बोलावलं होतं.

"आमच्याकडे भट्टीत काही जळलं की मी धावत सुटते," ती म्हणाली. "तुम्ही जळायची वाट बघताय."

"नवं टेबल अजून भिंतीला लावूनच मळता?"

"मग काय करू? नजर सारखी वर जाते. त्या दिवशी दारात गिऱ्हाईक आलं, म्हणून उठले होते मी."

मास्तरांनी काचेवर धरलेली वाफ बाहीनं पुसली.

भट्टीचं बटण सुनेच्या हाती होतं. घरी मास्तरांच्या चहातली साखर तोडणारी ही सून इथे चाचणीविभागाची प्रमुख होती. नवी टाकी तिच्याच डोक्यातून निघालेली. वर असेपर्यंत थेंब गळायचा नाही आणि खाली येताना तुकडा उरायचा नाही, अशी. धातू लवकर वितळणारा, जोड पातळ. पण गेल्या खेपेला टाकी वितळली आणि जोडाचं कडं तसंच राहिलं. मास्तरांचा हात सवयीनं वेल्डिंगचा एक थर जास्त देऊन गेला होता. जित्याची खोड, दुसरं काय.

"बाबा, या वेळी खरं सांगा," आच वाढवत सून म्हणाली. "थर किती दिलेत?"

"तू सांगितलेस तेवढेच. हात शिवशिवायला लागले, तसा बाहेर जाऊन उभा राहिलो."

सकाळी दाबाच्या परीक्षेत टाकी उत्तम पास झाली होती. आता खरी कसोटी. आकाशातून कोसळताना लागते तशी आच आणि तसाच वारा भट्टीत घोंघावत होता. आधी जोडाच्या दोन्ही अंगांनी धातू उसवला. टाकीच्या दोन वाट्या अलग झाल्या, लोंबल्या आणि ढासळल्या. झोतानं त्यांचे थेंब उडवून नेले.

कडं राहिलं.

बेकरीवालीनं नकळत मास्तरांची बाही धरली. कडं क्षणभर तसंच उभं होतं, मग एका बाजूनं वाकलं आणि बघता बघता गळून गेलं.

सुनेनं बटण बंद केलं. काचेपलीकडे टाकी ठेवायची बैठक तेवढी उरली होती. मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या टाक्या केल्या, एकही कधी मोडली नाही, पण एवढा अभिमान त्यांना एकीचाही वाटला नव्हता.

"म्हणजे ही वरून आली, तर माझ्या छपरावर काय पडेल?" बेकरीवालीनं विचारलं.

मास्तरांनी रिकाम्या भट्टीकडे बोट केलं.

"काही नाही," ते ताठ मानेनं म्हणाले. "माझ्या हातचं काम आहे."

तिनं काचेला नाक लावून स्वतः आत बघून घेतलं. मग पदर खोचून निघाली, ती दारात थांबली.

"उद्या या मग दोघं," ती म्हणाली. "टेबल मधोमध घ्यायचंय. एकटीला हलत नाही."